परबांची बिनहंसाची भिंत

माझी बहीण शेवंती परुळ्याला दिली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न वैशाखात झालं. मंगलाष्टकं चालू होती, आणि बाबांनी टाकलेल्या अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर पडायच्या सोडून थेट व्याह्यांच्या फेट्यात जाऊन बसल्या. व्याही हसले, मांडव हसला. बाबा तेवढे हसले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हात थरथरत होता.

आम्ही चितारी. आमच्या भागात घरोघरी गणपती येतो, आणि तो बसतो त्याच्या पाठची भिंत दर वर्षी चुन्याने पांढरी करून नव्याने रंगवायची, अशी रीत. गावातल्या साऱ्या भिंती बाबांच्या हातच्या. पण श्रावण सरत आला तशी त्यांनी रंगांची पेटी उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

"यंदापासून भिंती तुझ्यो," ते म्हणाले. "पयली थोरल्या घरची कर. थंय चुकलंस तर वाडीत कोण दारात उभो करूचो नाय."

थोरलं घर म्हणजे परबांचं. त्या घरच्या भिंतीवर जे येईल तेच बाकीची घरं मागायची. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि ते एक घर हातचं जाऊन त्याच्यामागे सारी वाडी गेली असती तर ते व्हायचंही राहिलं असतं. बिनभिंतीच्या चिताऱ्याला मुलगी कोण देणार?

तसं भिण्याचं कारण नव्हतं. चित्र ठरलेलं होतं. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली तळं, तळ्यात कमळं आणि समोरासमोर चोच करून बसलेले दोन हंस. त्याचे खाके बाबांच्या पेटीत होते. खाका म्हणजे जाड कागदावर चित्र काढून त्याच्या रेघांवर सुईने भोकं पाडलेली. कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत न्यायची, की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा हंस उमटतो. ठिपके जोडले की झालं. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हंस जोडता येत होता.

परबांच्या माजघरातली भिंत पांढरी करून वाळवली आणि हंसाचा खाका चिकटवला. आवडाकाकी दारात बसून सुपारी कातरत होती. आवडाकाकी म्हणजे घरधनी तातू परबांची आई. केस पिकून कापूस झालेले, अंगावर मांस म्हणावं तर नाही, आणि जीभ मात्र अडकित्त्याच्या पात्यासारखी.

"लवग्या," ती म्हणाली, "तो कोण रे?"

"हंस, काकी."

"बघलंस खंय?"

"नाय."

"बापाशीन बघलो?"

"नाय असतलो."

"मगे तुका काय ठावक तो असोच असता? उद्या तो कोंबड्याएवढो निघालो तर?"

मी हसलो. ती हसली नाही. सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाली, "काढ तो कागद. यंदा माजे भिंतीर तू स्वताच्या डोळ्यांनी बघलेला जा काय असात ताच काढूचा. नाय बघलेला काय एक नको."

मी तातूभाऊकडे बघितलं. तातूभाऊ गोठ्यातून आला होता, हातात दुधाचं भांडं.

"आये, गणपतीच्या भिंतीर हंस आसतत," तो म्हणाला. "वाडी हसात."

"हसूंदे. दात तरी दिसतीत लोकांचे."

"अगे पण कित्याक? इतक्या वर्षांत तुका हंसानी काय केलां?"

"काय करूक नाय, म्हणान तर सांगतंय. नुसते बसान रवलेहत मेले." तिने अडकित्ता मिटला. "लवू, उद्या सकाळी माझ्यावांगडा रानात चल. माटवीचां सामान खंय कसा लागला ता बघूक मी जातलंयच असा."

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, आंब्याच्या डहाळ्या, सुपारीचा घोस असं सगळं बांधतात. कवंडळ नावाचं एक रानवेलीचं फळ असतं, लिंबाएवढं, लालभडक. ते माटवीत नसलं तर माटवी बोडकी.

दुसऱ्या दिवशी काकी कोयती कमरेला अडकवून पुढे आणि मी मागे. पाऊस एका सरीला येत होता, दुसऱ्या सरीला जात होता. देवाच्या राईपाशी ती थांबली. राई म्हणजे देवासाठी राखलेलं रान. तिथलं झाड कोणी तोडत नाही.

"काय दिसता?"

"रान."

"रानात काय?"

"झाडां."

"मेल्या, झाडां तर आंधळ्याकय दिसतत, आपटल्यार. नीट बघ."

मी नीट बघितलं. हिरवं दिसलं. खाली हिरवं, वर हिरवं, मधे ओलं हिरवं. पेटीत हिरव्याची एकच पुडी होती, तिच्यात हे सगळं कसं बसायचं ते कळेना. एका जुन्या किंजळीच्या झाडावर कवंडळाचा वेल चढलेला होता आणि फळं टांगलेली होती. मी बोट केलं.

"कसला असा?" काकीने विचारलं.

"तांबडा."

"नुसता तांबडा?"

"तांबडाच की."

"तुझो बापूस असो बोलूचो नाय," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली. मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. बाबांनी जन्मात खाका सोडून रेघ मारलेली मी बघितली नव्हती.

मग मी एक शहाणपणा केला. वेलाची एक लांब फांदी फळांसकट तोडली आणि घरी आणून भिंतीशेजारी खुंटीला टांगली. समोर वेल, हातात कुंचला. जे दिसेल ते काढायचं, झालं! सकाळभर काढत बसलो. पानाला पान, फळाला फळ, अगदी जसंच्या तसं. जेवणं झाल्यावर काकी आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे, ह्या वेलाच्या घरात कोण मेला?"

मी मागे सरकून बघितलं. वेल तोडल्याबरोबर सुकायला लागला होता. पानांनी माना टाकल्या होत्या. मीही प्रामाणिकपणे एकेक मान टाकलेली काढली होती. भिंतीवर सगळं कसं सुतक पडल्यासारखं. परबांची सून पदर तोंडात धरून आत पळाली, आणि आतून सगळ्या बायकांचं हसणं ऐकू आलं.

भिंत पुन्हा पांढरी केली.

मग कळलं की वेल भिंतीकडे आणून भागायचं नाही, आपणच वेलाकडे जायला हवं. रोज सकाळी मी राईत जाऊन किंजळीखाली बसायला लागलो. कागद नाही, रंग नाही. नुसतं बघायचं, डोळे मिटायचे, आणि मिटल्यावर आत काय उरतं ते धरून ठेवायचं. पहिल्यांदा काहीच उरायचं नाही. मग एखादं पान उरायला लागलं. ते पान तसंच डोळ्यांत धरून मी परबांच्या घराकडे धावत सुटायचो, ते भिंतीवर उतरवायचो, आणि पुन्हा राईत. अडचण एकच होती. वाटेत कोणी बोललं आणि आपण उत्तर दिलं, की पान निसटायचं. म्हणून मी बोलणंच बंद केलं. कोणी "खंय चललंस रे लवू?" म्हटलं की मान खाली घालून पळायचो. घाटीवरच्या सखूमावशीने हाक मारली, मी थांबलो नाही. शाळेच्या मास्तरांनी हाक मारली, मी डोळे मिटून घेतले आणि वाफ्यात पडलो. उठलो तेव्हा पान डोळ्यांत शाबूत होतं, म्हणून खूश होऊन एकटाच हसलो. तेही मास्तरांनी बघितलं.

फळं मात्र जमेनात. गेरूत पिवडी घालून बघितली, हिंगूळ घालून बघितला. राईत ते फळ निखाऱ्यासारखं दिसायचं आणि भिंतीवर आलं की गाजर. काकी रोज एकदा डोकावायची.

"गाजरां बरी इली हत," म्हणायची आणि जायची.

चतुर्थी अगदी तोंडावर आली. घरात करंज्या तळायला सुरुवात झाली होती. त्या सकाळी मी किंजळीखाली बसलो तो हलायचंच नाही असं ठरवून. ऊन होतं. फळ वर, मी खाली. आज ते फळ का जळतं ते शोधल्याशिवाय उठणार नव्हतो.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे पालापाचोळा वाजला. माणसांची कुजबुज आली.

"बघलास? हालना नाय."

"डोळे उघडे असत, पण बघता खंय ता कळना नाय."

"तीन सांजा झाल्यो, कोणाकडे बोलूक नाय. मास्तरांका बघान हसलो म्हणे."

"देवचारान धरल्यान, दुसरा काय."

देवचार म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. त्याच्या जागेत कोणी आगळीक केली तर तो माणसाला खिळवून ठेवतो, बोलू देत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी बोललो असतो तर तिथेच उलगडा झाला असता. पण नेमक्या त्याच वेळी फळाच्या कडेला काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि तोंड उघडलं की ते जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. त्यांची खात्री पटली.

तातूभाऊ पुढे आला. हातात नारळ आणि विडा. त्याच्यामागे वाडीतले पाचसहा बाप्ये, आणि सगळ्यांच्या मागे, काठीला टेकून, बाबा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढं बघून बोलावंसं वाटलं. पण आता गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घालायचं साकडं, सुरू होत होतं, आणि सुरू झालेलं गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं. तोडलं तर घालणाऱ्याला बाधतं.

तातूभाऊने नारळ दोन्ही हातांत धरला आणि मोठा आवाज लावला.

"बा देवा देवचारा! शिवेच्या राखणदारा! आज ह्या तुज्या झाडाबुडी जा लेकरू बसला हा, ता अजाण असा! त्याचो पाय चुकान तुज्या वाटेर पडलो असात, तर ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाप्ये ओरडले.

"त्याची वाचा धरलंस ती सोड! त्याचे डोळे धरलंस ते सोड! आणि गणपती दारात येवच्याआदी त्याच्या हातातला काम पुरा करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजाबरोबर की काय, वर ढग आला. ऊन विझलं. सगळी राई एकदम काळीनिळी झाली, जणू कोणी निळीत काजळी कालवून पानांवर ओतली. आणि फळ पेटलं. उन्हात होतं त्याच्या दुप्पट पेटलं. ते तसंच होतं, तेवढंच होतं. पेटवलं होतं ते त्याच्या पाठच्या अंधाराने! इतके दिवस मी तांबडा शोधत होतो, आणि चूक होती शेजारच्या हिरव्यात. पुडीतला पोपटी हिरवा लावून मी फळाचं गाजर करत होतो.

मी ताडकन उठलो. एक अक्षर न बोलता, बाप्यांच्या मधून वाट काढत, परबांच्या घराकडे सुटलो. मागे तातूभाऊच्या हातातला नारळ पडला तो दगडावर पडून आपोआप फुटला. "पावलो! पावलो!" असा गलका झाला. आणखी एक आवाज ऐकू आला, "सुटलो, की देवचारान धावडवल्यान?" त्यावर त्यांच्यात वाद सुरू झाला, पण तो ऐकायला मी नव्हतो.

निळीत काजळी, काजळीत जरासा हिरवा. फळांना हातसुद्धा लावला नाही. त्यांच्या भोवतीचं रान तेवढं काळोखं करत गेलो. एकेक गाजर पेटत गेलं.

थोड्या वेळाने तातूभाऊ घामाघूम होऊन दारात आला. मी तोवर माणसात आलो होतो. त्याला सगळं सांगितलं. माझं काही बिघडलेलं नव्हतं, नुसतं बघत होतो, एवढंच. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाधलेलो माणूस असाच बोलता," तो म्हणाला. "लवू, तुझ्यार माझो राग नाय. पण राईत धरलेल्या हातान देवाची भिंत रंगवची नाय. आणि हंस नाय ते नायच. मी पलीकडल्या गावातसून चितारी बोलावन घेतंय. उद्या संध्याकाळच्या आत भिंत हंसांची होवक व्हयी. वाडीतल्या बाकीच्या भिंती कोणी करूच्यो ता मगे वाडी बघात."

माझ्या हातातला कुंचला तसाच राहिला. बाबांनी एवढं एकच सांगितलं होतं, थोरल्या घरी चुकू नको म्हणून. ती भिंत गेली, आणि तिच्यामागोमाग सगळ्याच.

"तातू," स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

"मी."

"देवाक काय सांगलंस? वाचा सोड, डोळे सोड, आणि ह्येच्या हातातला काम पुरा करून घे. असाच सांगलंस मा?"

"असाच."

"नारळ फुटलो?"

"फुटलो."

"मगे देवान तुझा आयकल्यान की नाय आयकल्यान?"

तातूभाऊ कपाळावरचा घाम पुसायला लागला.

"आयकल्यान नाय म्हणतंस तर परत जावन देवाक तसा सांग. आणि आयकल्यान म्हणतंस तर ह्येचा काम पुरा होवंदे. देवाकडे मागूचा एक आणि घरात येवन करूचा दुसरा, असा परबांच्या घरात चालला नाय कधी." ती वळली. वळता वळता मला म्हणाली, "आता कवंडळां झाली. पण डावीकडसून खाली भिंत मोकळी कित्याक ठेवलंस?"

"थंय काय घालूचा ता अजून दिसूक नाय, काकी."

"तर तशीच ऱवांदे," ती म्हणाली.

तातूभाऊ बाहेर जाऊन अंगणात फेऱ्या मारायला लागला. पलीकडच्या गावात निरोप काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी, माझी भिंत तो कोपरा सोडून झाली. एका बाजूने राईची वाट वर जात होती. तेरड्याचा गुलाबी झुबका, शेरवडाची पांढरी पानं, किंजळीच्या आधाराने चढलेला वेल. पानांत एक किडीने खाल्लेलं पान होतं. तेही मी बघितलं होतं, म्हणून ठेवलं. सूर्य नव्हता, कारण त्या दिवसांत तो मला फारसा दिसला नव्हता. हंस नव्हते.

मी हात धुवायला विहिरीवर गेलो आणि परत आलो तर भिंतीसमोर बाबा उभे होते. तातूभाऊने बोलावून आणलं होतं त्यांना. मुलाने खाके टाकून काय केलंय ते बापाने बघावं, आणि बापाच्याच तोंडून नकार यावा, असं त्याच्या मनात असणार.

बाबा बघत राहिले. ज्या खाक्यांवर त्यांनी सगळं आयुष्य काढलं ते मी पहिल्याच दिवशी पेटीत परत टाकले होते. बाबा एकदाही माझ्याकडे बघेनात.

"बघलास, मेस्त्री?" तातूभाऊ म्हणाला. "हंस खंय?"

बाबा भिंतीच्या आणखी जवळ सरकले.

काकी आतून आली. तिच्या हातात चहाचा पेला होता. तो तिने बाबांच्या डाव्या हातात दिला.

"मेस्त्री, कोपरो मोकळो असा," ती म्हणाली.

"बघतंय, वयनी."

"तुमी बघलेली एक वस्तू थंय बसात."

बाबांनी पेला खाली ठेवला. "हात चलना नाय, वयनी. रेघ थरथरता."

"म्हशीच्या अंगारचे केस काय सरळ आसतत?"

बाबा हसले. शेवंतीच्या लग्नापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी जाडा कुंचला दिला. त्यांनी तो परत केला आणि खारीच्या शेपटीचा बारीक मागून घेतला. खाका नाही, ठिपका नाही. भिंतीच्या त्या कोपऱ्यात, गुडघ्यावर बसून, त्यांनी एक म्हैस काढली. पाण्यातून नुकती वर आलेली. हात थरथरत होता आणि प्रत्येक थरथरीबरोबर ओल्या अंगावरचा एकेक केस उभा राहत होता. तिच्या पाठीवर एक बगळा. एका शिंगाचं टोक मोडकं.

"म्हैस!" तातूभाऊ ओरडला. "देवाच्या पाठी म्हैस? अहो, यमाचा वाहान ता!"

"यमाचो रेडो," काकी म्हणाली. "ही माझी मोगरी."

तातूभाऊ बघतच राहिला. मीही.

काकी तिथेच जमिनीवर बसली. "मी ह्या घरात इलंय तेवा चवदा वर्षांची व्हतंय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "बापाशीन आंदण म्हणान म्हैस दिल्यान. मोगरी. ह्या घरात माका वळाखणारी ती एकटीच. पयल्या चवथीक हे मेस्त्री भिंत रंगवक इले, माझ्याएवढेच. हंस जोडीत व्हते. मी विचारलंय, हंस बघलात? नाय म्हणाले. मगे काय बघलात? तर म्हणाले, तुमची म्हैस बघलंय, येताना पाणंदीत. म्हटलंय, तीच काढा मगे."

"काढलंय," बाबा म्हणाले.

"काढल्यानी. अशी काढल्यानी की मी गोठ्यात जायना झालंय, माजघरातच बसान ऱवलंय. संध्याकाळी मामंजी इले. देवाच्या पाठी म्हैस बघितल्यानी आणि उभ्या उभ्या चुनो मागवल्यानी. मेस्त्र्यांकडसूनच पुसान घेतल्यानी. वर हंस काढून घेतल्यानी."

"त्यानंतर मी खाक्याबाहेर गेलंय नाय," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघून नाही, म्हशीच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका ठेवता ठेवता म्हणाले.

"पावसाळो सरताना मोगरी गेली," काकी म्हणाली. "पान लागला तिका." पान लागणं म्हणजे साप चावणं. "मगे दर वर्षी हंस. त्येंच्याकडे बघून हात जोडायचंय. घरात मामंजी व्हते, मगे घो व्हतो. माझा कोण आयकतलो?"

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. तातूभाऊ भिंतीजवळ गेला, वाकला आणि म्हशीच्या मोडक्या शिंगाकडे बोट करून म्हणाला, "ह्या कसा मोडला गे?"

"तुज्या आज्याच्या खाटल्याक धडाक दिल्यान," काकी म्हणाली. "बरा केल्यान."

तातूभाऊ आधी गालात हसला, मग मोठ्याने. मग म्हणाला, "लवू, माटवी बांधूक ये संध्याकाळी. कवंडळां दोन्ही कडे सारखी बसाक व्हयी. भिंतीरची आणि माटवीची एकमेकांक लागतत, बरा दिसताला."

दुसऱ्या दिवशी गणपती आला. तातूभाऊने पाटावरच्या मूर्तीवरचं फडकं काढून ती भिंतीसमोर ठेवली. खरी कवंडळं वरून लोंबत होती आणि माझी त्यांच्या पाठीमागून वर चढत होती. भजनाला वाडी लोटली. हसणारे हसले, तातूभाऊने त्यांना म्हशीचं नाव सांगितलं. एका म्हाताऱ्या भजनीबुवांना बगळा खरा वाटला, त्यांनी टाळ वाजवून त्याला हुसकलं. आणि भजन संपायच्या आत खालच्या दोन घरांतले दोघे जण माझ्याशेजारी येऊन बसले. एकाला आपली विहीर भिंतीवर पाहिजे होती, एकाला आपला बैल. त्या वर्षी उशीर झाला होता, बाकीच्या घरांत गणपती नुसत्या पांढऱ्या भिंतीपुढे बसले होते, म्हणून पुढल्या वर्षाचं ठरवून गेले. थोरल्या घरात हंस नाहीत म्हटल्यावर वाडीत हंस कोणी मागितले नाहीत.

त्या रात्री काकी आरतीला उठली नाही. भिंतीच्या त्या कोपऱ्याशी पाय पसरून बसली होती, हातात अडकित्ता, आणि सुपारी कातरायचं विसरून गेली होती. बाबा समोरच्या खांबाला टेकून बसले होते.

पुढच्या श्रावणात रीतीप्रमाणे ती भिंत मी चुन्याने पांढरी केली. म्हशीवरही चुना फिरवला. गणपतीची भिंत एका वर्षाचीच असते.

आवडाकाकी ती भिंत असतानाच, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी वारली. बाबा त्याच्या पुढच्या शिमग्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी गेले.